एनएमआरचा हिशेब: सॅम्पलच्या बाटलीपासून शुद्धतेच्या टक्क्यापर्यंत

मे महिना, बाहेर ४५ अंश, लॅबमध्ये कूलर धो धो चालू आणि टेबलावर डीएमएसओ-डी६ या एनएमआरच्या सॉल्व्हंटची बाटली उघडी. पंधरा दिवसांनी स्पेक्ट्रम हातात येतो तेव्हा ३.३३ पीपीएमवर (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमच्या आडव्या पट्टीवरची जागा) पाण्याचा असा डोंगर उभा असतो, की त्याच्या पायथ्याचे औषधाचे दोन-तीन पीक दिसतच नाहीत. मग ऑपरेटरच्या नावाने बोटं मोडली जातात. दोष कूलरचा आणि उघड्या झाकणाचा असतो.

एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणूंच्या सिग्नलवरून रेणू ओळखण्याच्या तंत्रात, निम्म्याहून जास्त काम चुंबकाच्या आधीच झालेलं किंवा बिघडलेलं असतं. नागपुरात तर हे फारच खरं. नागपूर-कामठीच्या फार्मसी कॉलेजांतली, बुटीबोरी-हिंगण्याच्या छोट्या युनिट्समधली अनेक सॅम्पलं कुरियरने बाहेर जातात. कधी मुंबईच्या आयआयटीतलं, लखनौच्या सीडीआरआयमधलं किंवा चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातलं सैफ (बाहेरच्यांचीही सॅम्पलं तपासणारं उपकरण केंद्र), कधी एखादी खासगी लॅब. तिथे बसलेल्या माणसाला तुमच्या पावडरीबद्दल फॉर्मवरच्या चार ओळींपलीकडे काही ठाऊक नसतं. म्हणून इथे सॅम्पल बनवण्यावर जास्त लिहिलं आहे आणि मशीनच्या बटणांवर कमी.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. एचपीएलसीचा (मिश्रण कॉलममधून वेगळं करून मोजणारं तंत्र) यूव्ही डिटेक्टर प्रकाश शोषणाऱ्या रेणूंनाच मोजतो, आणि प्रत्येकाला वेगळ्या मापाने. एनएमआरमध्ये प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, कुठल्याही रेणूतला असो, योग्य सेटिंगवर त्याच्या पीकचं क्षेत्रफळ सारखंच भरतं. त्यामुळे इथे ओळखही होते आणि मोजणीही. पण हे तंत्र मिलिग्रॅमचं आहे. पॅरासिटामॉलमधला ४-अमिनोफिनॉल फार्माकोपियात ०.००५ टक्क्यांवर अडवला जातो, तो साध्या प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये दिसणार नाही. नायट्रोसमाइनसाठीही एनएमआरकडे जाऊ नका, ते काम एलसी-एमएसचं. साधारण अर्ध्या-एक टक्क्यापासून वरचं काहीही मात्र इथे लपणं कठीण.

सॉल्व्हंट निवडताना

पहिला नियम: ड्युटेरेटेड सॉल्व्हंट (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं) उघडण्याआधी साध्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून बघा. एक मिलिग्रॅम पावडर टेस्ट ट्यूबमध्ये, वर साध्या डीएमएसओचे चार थेंब. हे कळायला पाच मिनिटं लागतात, आणि नाही केलं तर 'सॅम्पल इनसोल्युबल' असा शेरा मारून बाटली परत येते.

सीडीसीएल३ (ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म) स्वस्त आणि बऱ्याच न्यूट्रल रेणूंना चालणारा. त्याचा उरलेला पीक ७.२६ वर, पाण्याचा १.५६ वर. पण जुन्या बाटलीत ॲसिड तयार झालेलं असतं. बॉक, ट्रायटिल, ॲसिटाल असे ॲसिडला नाजूक गट असलेली संयुगं ट्यूबमध्येच तुटू लागतात आणि आपल्याला वाटतं रिॲक्शनच बिघडली. बाटलीत थोडं कोरडं पोटॅशियम कार्बोनेट टाकून ठेवा, किंवा वापरताना बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या थरातून गाळून घ्या.

औषधांचे क्षार, ग्लायकोसाइड, भरपूर ओएच-एनएच असलेले रेणू यांना डीएमएसओ-डी६ लागतो. पीक २.५०, पाणी ३.३३. याची मोठी सोय म्हणजे ओएच आणि एनएच त्यात वेगवेगळे, बऱ्यापैकी धारदार दिसतात. मिथेनॉल-डी४मध्ये (पीक ३.३१) ते ड्युटेरियमशी अदलाबदल होऊन गायब होतात. कोणी 'माझ्या रेणूत एनएच नाही' म्हणत आला, तर सॉल्व्हंट कुठला होता ते आधी विचारा. डीटूओमध्येही (जड पाणी) तेच, शिवाय ४.७९ चा पीक शेजारपाजारचं झाकतो.

डीएमएसओ-डी६ सुमारे २० अंशांना गोठतो. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत बर्फ दिसला तर घाबरू नका, कोमट पाण्यात उभी करा आणि पूर्ण वितळल्यावर हलवून मगच वापरा. खरी अडचण पाणी ओढण्याची. ०.७५ मिलीच्या ॲम्प्यूल महाग वाटतात, पण महिन्याला दहा-बाराच सॅम्पलं करणाऱ्याला मोठ्या बाटलीपेक्षा त्या परवडतात, कारण अर्धी बाटली पाणी पिऊन वाया जात नाही. मोठी बाटली असलीच तर तापवून सक्रिय केलेल्या मॉलिक्युलर सीव्हवर ठेवा, आणि बाटली उघडताना कूलर बंद करा. वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा माणसाला सुखाची, डीएमएसओला नाही.

वजन, गाळणं, ट्यूब

प्रोटॉनसाठी ५ ते १० मिग्रॅ, कार्बन-१३ साठी ४० ते ५० मिग्रॅ. कार्बनला एवढं का, तर निसर्गात कार्बन-१३ फक्त १.१ टक्का असतो. 'जास्त टाकलं की जास्त चांगलं' हे प्रोटॉनला लागू नाही. दाट द्रावण घट्ट होतं, पीक रुंदावतात आणि रिसीव्हर ओव्हरलोड होऊन बेसलाइन लाटांसारखी हलते.

सॅम्पल छोट्या काचेच्या बाटलीत ०.६ ते ०.७ मिली सॉल्व्हंटमध्ये पूर्ण विरघळवा. ट्यूबमध्ये पावडर टाकून वरून सॉल्व्हंट ओतण्याची सवय सोडा. तळाशी न विरघळलेला कण राहिला की शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) जमत नाही. नंतर पाश्चर पिपेटमध्ये ग्लास वूलचा छोटा बोळा घट्ट न दाबता बसवा, त्याच सॉल्व्हंटच्या दोन थेंबांनी धुवा आणि द्रावण त्यातून थेट ट्यूबमध्ये गाळा. साध्या कापसातून डीएमएसओत मेणासारखं काहीबाही उतरतं, आणि ते १.२ च्या आसपास दिसतं.

ट्यूब ५ मिमी व्यासाची, ७ इंच लांबीची. ०.६ मिली भरलं की द्रावणाची उंची ४ सेंटीमीटरच्या थोडी वर येते. अंदाजावर राहू नका, पट्टी लावलेली बरी. कमी भरलं तर द्रावणाचं टोक सिग्नल पकडणाऱ्या कॉइलच्या जवळ येतं आणि शिमिंग बिघडतं. जास्त भरलं तर महागडा सॉल्व्हंट वाया आणि सॅम्पल पातळ. ट्यूबच्या तोंडाला बारीक चीर दिसली तर ती ट्यूब सरळ फेका. स्वस्तातली ट्यूब प्रोबमध्ये (चुंबकातला कॉइल असलेला भाग) फुटली की दुरुस्तीचं बिल लाखांत जातं.

कुरियरने पाठवत असाल तर

द्रावण पाठवू नका, कोरडी पावडर पाठवा. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत बाटली तापते, आणि सीडीसीएल३ तर ६१ अंशांनाच उकळतं. स्क्रू-कॅपच्या छोट्या बाटलीत १५ मिग्रॅ (कार्बनही हवा असेल तर ६०), झाकणावर पॅराफिल्म, बाटली झिप पाऊचमध्ये आणि पाऊचमध्ये सिलिका जेलची पुडी. कोड बाटलीवर मार्करने लिहिलात तर ॲसिटोनचा एक थेंब पडताच पुसला जाईल. कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा.

पाठवण्याआधी सॅम्पल व्हॅक्यूममध्ये नीट कोरडं केलंय ना, हेही बघा. कॉलममधून काढून रोटाव्हॅपवर फिरवलं म्हणजे सॉल्व्हंट गेलं, असं होत नाही. याची किंमत पुढे पॅरासिटामॉलच्या उदाहरणात दिसेल.

फॉर्मवर अपेक्षित रचना, रेणुभार, कोणत्या साध्या सॉल्व्हंटमध्ये विरघळलं, ओलावा ओढतं का, उजेडात बिघडतं का, आणि १२ पीपीएमच्या पुढे पीक अपेक्षित आहे का, हे लिहा. कार्बोक्सिलिक ॲसिड किंवा आतल्या आत हायड्रोजन बंधात अडकलेला फिनॉल असेल तर हे शेवटचं नक्की लिहा, नाहीतर खिडकी अरुंद ठेवली जाते आणि तो पीक कापला जातो. आणि एक ओळ अजिबात विसरू नका: 'एफआयडीसह कच्चा डेटा द्यावा' (एफआयडी म्हणजे मशीनने नोंदवलेला मूळ सिग्नल). नुसत्या पीडीएफवर ना नीट झूम करता येतं, ना फेज सुधारता येते, ना इंटिग्रेशन पुन्हा करता येतं.

मशीनवर

स्वतः मशीन चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. ४०० मेगाहर्ट्झचं चुंबक म्हणजे ९.४ टेस्ला, ५०० चं ११.७. वीज गेली तरी चुंबकाचं क्षेत्र जात नाही. द्रव हेलियमच्या थंडीत, ४.२ केल्विनवर, तारेतला प्रवाह विरोधाशिवाय फिरतच राहतो. बंद पडतात ते कन्सोल, कॉम्प्रेसर आणि एसी, म्हणून यूपीएस त्यांना. बाहेरचा द्रव नायट्रोजन मात्र साधारण आठवड्याला भरावा लागतो. पेसमेकर असलेल्या माणसाने ५ गॉसच्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. लोखंडी स्टूल, सिलेंडर, पान्हे बाहेर. आणि क्वेंच झालं, हेलियम सुसाट बाहेर पडू लागलं, तर यंत्र वाचवायला न थांबता खोलीबाहेर पळायचं, कारण खोलीतला ऑक्सिजन कमी होतो.

क्रम असा: ट्यूब स्पिनरमध्ये बसवून डेप्थ गेजने खोली ठरवा, आत सोडा, तापमान २९८ केल्विनला स्थिर होऊ द्या, लॉक, ट्यूनिंग-मॅचिंग, शिमिंग, रिसीव्हर गेन, मग अ‍ॅक्विझिशन. रोजच्या प्रोटॉनला ३० अंशांची पल्स, १६ स्कॅन, २० पीपीएमची रुंदी, जवळपास ४ सेकंदांचं अ‍ॅक्विझिशन आणि १ सेकंद डी१ (पुढच्या पल्सआधीचा थांबा) पुरतो. कार्बनला हजारभर स्कॅन आणि २ सेकंद डी१. सिग्नल-नॉइज दुप्पट हवा असेल तर स्कॅन चौपट लागतात, त्यामुळे 'अजून थोडे स्कॅन वाढवा' म्हणणाऱ्याने घड्याळ बघावं. सॅम्पल दुप्पट घेतलं की तोच फायदा फुकट मिळतो.

डेप्ट-१३५ या कार्बनच्या प्रयोगात सीएच आणि सीएच३ वर, सीएच२ खाली, चतुर्थक कार्बन गायब. नवीन रेणू असेल तर कॉझी, एचएसक्यूसी आणि एचएमबीसी हे टूडी प्रयोग (कोणता अणू कोणाशी जोडलेला ते सांगणारे) मागा. जुन्या, ओळखीच्या औषधाची फक्त खात्री हवी असेल तर टूडीचे पैसे वाचवा.

वाचताना: एकही पीक बेवारस नको

पॅरासिटामॉलचं उदाहरण घेऊ. डीएमएसओ-डी६मध्ये ९.६५ वर एनएच, ९.१४ वर फिनॉलचा ओएच, ७.३४ आणि ६.६८ वर प्रत्येकी २ प्रोटॉनचे डब्लेट, म्हणजे दोन फाट्यांचे पीक (फाट्यांमधलं अंतर, म्हणजे 'J', सुमारे ८.८ हर्ट्झ) आणि १.९८ वर मिथिलचा ३ प्रोटॉनचा सिंग्लेट (न फाटलेला पीक). १ + १ + २ + २ + ३ = ९. रेणुसूत्र सी८एच९एनओ२, म्हणजे ९ हायड्रोजन. जमा-खर्च जुळला.

आता हीच पावडर इथिल ॲसिटेटमधून क्रिस्टलाइज केली आणि नीट सुकवली नाही असं समजा. इंटिग्रेशनमध्ये (पीकचं क्षेत्रफळ मोजताना) ॲरोमॅटिक पीक २.०० ला बांधल्यावर मिथिल ३.०० ऐवजी ३.२० भरतो. बरेच जण 'इंटिग्रेशन एरर' म्हणून हे सोडून देतात. पण डीएमएसओमध्ये इथिल ॲसिटेटचा ॲसिटिल पीक १.९९ वर येतो, म्हणजे पॅरासिटामॉलच्या १.९८ च्या बरोबर पोटात. एकटा बघितला तर तो कधीच सापडणार नाही, म्हणून त्याची भावंडं शोधा: ४.०३ वर क्वार्टेट (चार फाट्यांचा), १.१७ वर ट्रिप्लेट (तीन फाट्यांचा). क्वार्टेट ०.१३ भरला असेल, तर तो २ प्रोटॉनचा म्हणून ०.१३ ÷ २ = ०.०६५ मोल. तेवढ्याच मोलांचे ३ ॲसिटिल प्रोटॉन म्हणजे ०.१९५. मिथिलमधले जास्तीचे ०.२० हेच.

पुढे वजन काढा. ०.०६५ × ८८.११ = ५.७३, शेजारी पॅरासिटामॉल १५१.१६. एकूण वजनात इथिल ॲसिटेट ५.७३ ÷ १५६.८९, म्हणजे सुमारे ३.७ टक्के. औषधांत उरलेल्या सॉल्व्हंटसाठीच्या आयसीएच क्यू३सी मार्गदर्शिकेत इथिल ॲसिटेटची मर्यादा ५००० पीपीएम (इथे पीपीएम म्हणजे वजनातले दशलक्षांश), म्हणजे अर्धा टक्का. सातपट! आणि हे सगळं १६ स्कॅनच्या साध्या प्रोटॉनमधून. अंतिम आकडा अर्थात जीसीवरच (गॅस क्रोमॅटोग्राफी) ठरवायचा, पण बॅच पुन्हा ओव्हनमध्ये टाकायची की नाही हे इथेच कळलं.

अशा पाहुण्यांची यादी लॅबच्या भिंतीवर असू द्या. सीडीसीएल३मध्ये इथिल ॲसिटेट १.२६, २.०५, ४.१२, ॲसिटोन २.१७, डायक्लोरोमिथेन ५.३०, ग्रीस ०.८६ आणि १.२६, सिलिकॉन ग्रीस ०.०७. डीएमएसओ-डी६मध्ये ॲसिटोन २.०९, मिथेनॉलचा मिथिल ३.१६, डायक्लोरोमिथेन ५.७६. एकाच अशुद्धीचा आकडा सॉल्व्हंट बदलला की बदलतो, म्हणून एका सॉल्व्हंटची यादी दुसऱ्याला लावू नका.

प्रत्येक छोटा पीक अशुद्धीच असतो असंही नाही. ॲरोमॅटिक पीकच्या दोन्ही बाजूंना, ४०० मेगाहर्ट्झवर सुमारे ०.२० पीपीएम अंतरावर, मूळ पीकच्या जेमतेम अर्धा टक्का उंचीची जोडी दिसली तर ते कार्बन-१३ ला जोडलेल्या प्रोटॉनमुळे येणारे सॅटेलाइट आहेत. दोन्ही बाजूंना समान अंतर, समान उंची ही त्यांची खूण. ट्यूब फिरवत असाल तर स्पिनिंग साइडबँडही असेच जोडीने येतात. फिरण्याचा वेग बदला, साइडबँड जागा बदलतात, सॅटेलाइट हलत नाहीत.

ओएच-एनएच कुठला ते पक्कं करायचं असेल तर ट्यूबमध्ये डीटूओचे एक-दोन थेंब टाकून जोरात हलवा आणि पुन्हा प्रोटॉन घ्या. गायब झाला तो अदलाबदल करणारा. सीडीसीएल३मध्ये डीटूओ वर तरंगतो. तो थर कॉइलच्या वर राहील एवढं खाली द्रावण हवं.

नागपुरात नैसर्गिक उत्पादनांवर काम करणाऱ्यांचा आवडता विषय म्हणजे संत्र्याची साल. तिच्यातला हेस्पेरिडिन सीडीसीएल३मध्ये विरघळत नाही, डीएमएसओच लागतो. तिथे ५-ओएच १२ च्या आसपास, एच-६ आणि एच-८ ६.१२ जवळ, ग्लुकोजचा ॲनोमेरिक प्रोटॉन ४.९७ जवळ डब्लेट, ऱ्हॅम्नोजचा ४.५२ जवळ, मिथॉक्सी ३.७७ आणि ऱ्हॅम्नोजचा मिथिल १.०९ जवळ डब्लेट. मिथॉक्सी ३.०० ला बांधा आणि ऱ्हॅम्नोजचा मिथिल बघा. तोही ३ भरला पाहिजे. कमी भरला आणि ५.९ जवळ नवीन पीक उगवले असतील, तर ॲसिड टाकताना साखर तुटून हेस्पेरेटिन तयार झालं आहे. काही पीक जवळजवळ चिकटलेल्या जोडीने दिसले तर अल्कलीने काढताना सी-२ वर उलटापालट झाली आहे का, हा संशय घ्या. आणि साखरेचे बाकी प्रोटॉन ३.१ ते ३.८ मध्ये, म्हणजे नेमके पाण्याच्या पीकच्या आजूबाजूला. कूलर बंद करा म्हटलं होतं ते याचसाठी.

क्षारांचं प्रमाणही इथेच कळतं. बायसोप्रोलॉल फ्युमरेटमध्ये दोन बायसोप्रोलॉलला एक फ्युमरेट असतो. म्हणजे ॲरोमॅटिक ८ प्रोटॉनांना फ्युमरेटचे २, प्रमाण ४:१. प्रमाण २:१ आलं तर एकास एक क्षार झाला, किंवा फ्युमरिक ॲसिड मोकळं पडलेलं आहे. पण रोजच्या १ सेकंदाच्या डी१वर हा निकाल देऊ नका. शेजारी प्रोटॉन नसलेल्या, एकट्या पडलेल्या प्रोटॉनला पूर्वस्थितीत यायला वेळ लागतो आणि त्याचं क्षेत्रफळ खोटं कमी दिसतं.

ओळख पटवण्यात एनएमआरचं वजन किती, हे २००८ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधात ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलं गेलं होतं आणि तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांतून ते निसटत होतं. हेपॅरिनचा एन-ॲसिटिल पीक २.०४ वर, भेसळीचा २.१५ वर. एका पीकच्या शेजारी दुसरा पीक, बस एवढंच. त्यानंतर अमेरिकन फार्माकोपियाने हेपॅरिनच्या ओळखीसाठी प्रोटॉन एनएमआर घातलं.

शुद्धतेचा टक्का: क्वांटिटेटिव्ह एनएमआर

यासाठी त्या औषधाचं स्वतःचं रेफरन्स स्टँडर्ड लागत नाही. नव्याने बनवलेल्या इम्प्युरिटीची शुद्धता ठरवायला म्हणूनच हे वापरतात. लागतो एक इंटर्नल स्टँडर्ड, ज्याची शुद्धता प्रमाणपत्रावर आहे: मॅलेइक ॲसिड, डायमिथिल सल्फोन, १,३,५-ट्रायमिथॉक्सिबेंझिन असे. त्याचा पीक तुमच्या पीकवर चढू नये, त्याने सॅम्पलशी रिॲक्शन करू नये, उडू नये, ओलावा ओढू नये. अमाइन असलेल्या औषधाला मॅलेइक ॲसिड देऊ नका, क्षार बनून पीक सरकतात. डायमिथिल सल्फोन डीएमएसओमध्ये ३.० जवळ येतो, तेव्हा पाणी ओसंडत असेल तर तोही बाद.

सूत्र असं:

शुद्धता = (सॅम्पलचं क्षेत्रफळ ÷ स्टँडर्डचं क्षेत्रफळ) × (स्टँडर्डचे प्रोटॉन ÷ सॅम्पलचे प्रोटॉन) × (सॅम्पलचा रेणुभार ÷ स्टँडर्डचा रेणुभार) × (स्टँडर्डचं वजन ÷ सॅम्पलचं वजन) × स्टँडर्डची शुद्धता

पॅरासिटामॉल १५.१२ मिग्रॅ, मॅलेइक ॲसिड ८.३५ मिग्रॅ, त्याची शुद्धता ९९.९ टक्के. मॅलेइकचे २ प्रोटॉन ६.३ जवळ, ते १.००० ला बांधले. पॅरासिटामॉलचा ७.३४ चा डब्लेट, त्याचेही २ प्रोटॉन, १.३८१ भरला. मग १.३८१ × (२ ÷ २) × (१५१.१६ ÷ ११६.०७) × (८.३५ ÷ १५.१२) × ९९.९ = ९९.२ टक्के. ओएच-एनएचचे पीक या हिशेबात कधीच घेऊ नका. ॲसिड पडल्यावर ते पाण्याशी अदलाबदल करून पसरतात.

आता यातली कच्ची कडी बघा. काटा ०.०१ मिग्रॅ दाखवणारा असेल तर ८.३५ मधला शेवटचा आकडा हलला की उत्तर ०.१ टक्क्याने हलतं, आणि एवढ्या कमी वजनाला काट्याची प्रत्यक्ष चूक त्याहून जास्त असते. मायक्रोबॅलन्स नसेल तर सोपा उपाय आहे: दोन्ही ५०-५० मिग्रॅ घ्या, एकाच बाटलीत २-३ मिली सॉल्व्हंटमध्ये एकत्र विरघळवा आणि त्यातले ०.६ मिली ट्यूबमध्ये भरा. दोघं एकत्र विरघळले की आकारमान किती याला अर्थ नाही, गुणोत्तर तेच राहतं. म्हणूनच पिपेट अचूक असायची गरज नाही, पण विरघळणं मात्र शंभर टक्के हवं. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी पावडर स्टॅटिकमुळे स्पॅच्युलावरून उडते आणि आकडा सरकत राहतो, तेव्हा काट्यात आयोनायझर लावा. पावसाळ्यात उलट: ओलावा ओढणारं सॅम्पल तोलता तोलता जड होतं. पंखा आणि कूलरचा झोत दोन्ही ऋतूंत बंद.

मशीनवर डी१ हाच जीव. आधी टी१ (प्रोटॉन पूर्वस्थितीत किती वेगाने येतो याचं माप) मोजा. झटपट पद्धत अशी: इन्व्हर्शन रिकव्हरी या प्रयोगात ज्या वेळेला पीक शून्य होतो ती वेळ ०.६९३ ने भागा. २.१ सेकंदांना शून्य झाला तर टी१ सुमारे ३ सेकंद. सगळ्या पीकमधला सर्वात लांब टी१ धरा, स्टँडर्डचाही. त्याच्या ५ पट थांबलात तर ९९.३ टक्के सिग्नल परत येतो, ७ पट थांबलात तर ९९.९. म्हणजे इथे २१ सेकंद. डी१ २० आणि अ‍ॅक्विझिशन ४ धरलं तर ३२ स्कॅनला १३ मिनिटं. एवढा वेळ वाचवण्यासाठी डी१ ५ करणारे लोक आहेत. त्यांचं औषध १०३ टक्के शुद्ध निघतं.

पल्स ९० अंशांची, कॅलिब्रेट केलेली. ट्यूब फिरवू नका. ज्या पीकवर हिशेब करायचा त्याचा सिग्नल-नॉइज किमान २५०. फेज हाताने लावा, बेसलाइन सुधारा, आणि दोन्ही पीकना सारख्याच नियमाने कापा: दोघांचे सॅटेलाइट आत किंवा दोघांचे बाहेर. एकाचे आत, एकाचे बाहेर ठेवलेत तर टक्काभराची चूक फुकट मिळते. तीन वेगवेगळी वजनं करा, एकाच ट्यूबचे तीन रन नव्हे. तिन्हींत एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर काटा किंवा विरघळणं तपासा, सॉफ्टवेअर नाही.

एचपीएलसीवर ९९.८ आणि इथे ९४ आलं तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका. एचपीएलसीचा एरिया टक्का फक्त दिसणाऱ्यांमधली वाटणी सांगतो. एनएमआर काट्यावर ठेवलेल्या एकूण वजनाचा हिशेब मागतो. मधले ६ टक्के पाणी, सॉल्व्हंट, अजैविक क्षार किंवा कॉलममधून वाहून आलेली सिलिका असू शकते. पाण्यासाठी कार्ल फिशर चाचणी करा, अजैविकासाठी भस्म काढा, तिथे सापडेल.

पीक रुंद आले तर

आधी सॉल्व्हंटचा किंवा टीएमएसचा (शून्य पीपीएमची खूण) पीक बघा. तोही जाड असेल तर शिमिंग, तरंगता कण किंवा कमी भरलेली ट्यूब. गाळून पुन्हा घ्या. तो धारदार आणि फक्त तुमचेच जाड असतील तर दोष रेणूच्या वागणुकीत किंवा धातूत. पॅलेडियम-तांबं-लोखंडाच्या कॅटॅलिस्टवरून आलेलं सॅम्पल असेल तर सेलाइटमधून किंवा धातू पकडणाऱ्या रेझिनमधून काढा. लोखंड आणि तांब्याचे पॅरामॅग्नेटिक आयन थोडेसे असले तरी पीक चपटे करतात.

अमाइड, विशेषतः तृतीयक अमाइड, दुहेरी पीक देतात, कारण सी-एन बंध सहज फिरत नाही. यालाच रोटामर म्हणतात आणि दरवर्षी कोणीतरी याला अशुद्धी समजून आठवडाभर कॉलम चालवतो. डीएमएसओमध्ये तापमान ८० अंशांपर्यंत न्या. जोडी एकत्र आली तर रोटामर, वेगळीच राहिली तर दोन संयुगं असण्याची शक्यता जास्त.

पॉलिमॉर्फ (एकाच औषधाची वेगवेगळी स्फटिकरूपं) मात्र द्रावणात शोधू नका. विरघळलं की स्फटिकाची ओळख संपते. त्यासाठी घन अवस्थेतलं कार्बन-१३, ट्यूब ५४.७४ अंशांवर तिरकी फिरवून.

काम झाल्यावर ट्यूब ॲसिटोनने तीन-चार वेळा धुवा. आत ब्रश घालू नका, ओरखडे पडतात. क्रोमिक ॲसिड वर्ज्य, काचेला चिकटलेलं क्रोमियम पुढच्या सॅम्पलचे पीक रुंदावतं. वाळवताना आडवी ठेवा, व्हॅक्यूम लावा किंवा नायट्रोजन फुंका. गरम ओव्हनमध्ये उभी करून रात्रभर ठेवलेली ट्यूब वाकते. डोळ्यांना ते दिसत नाही, स्पिनरमध्ये घातल्यावर ती थरथरते तेव्हा कळतं. आणि सीडीसीएल३मधलं सॅम्पल ओतून देऊ नका. सॉल्व्हंट उडवून पावडर त्याच कोडच्या बाटलीत परत घाला, मास आणि आयआरच्या चाचण्या अजून बाकी असतात.